साहेब मानपाड्याला पोहोचले आहेत

निमंत्रणपत्रिकेवर सायंकाळी सातची वेळ छापलेली असते, प्रमुख पाहुण्यांचे नाव मंडळाच्या नावाहूनही ठळक टायपात असते, आणि ते पाहुणे ठाणे शहरातून निघून कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ हे सगळे नाके ओलांडल्यावाचून व्यासपीठापर्यंत पोहोचू शकत नाहीत, हे कार्यकारिणीच्या अध्यक्षांपासून पहिल्या रांगेत खुर्ची धरून बसलेल्या आजींपर्यंत सर्वांना ठाऊक असते. तरीही सातच्या सुमारास आरती आटोपते, खुर्च्या भरतात, आणि मग जो काळ सुरू होतो त्याला पत्रिकेत कोणतेही नाव नसते. तो अर्ध्या तासाचा की दीड तासाचा, हे ठरविण्याचा अधिकार मंडळाकडे नसतो आणि पाहुण्यांकडेही नसतो. तो उरणजवळच्या बंदरातून गुजरातकडे निघालेल्या कंटेनरांकडे आणि मेट्रोच्या कामाने अरुंद झालेल्या रस्त्याकडे केव्हाच गेलेला आहे. या बेवारस काळाची मुखत्यारी ज्याच्यावर सोपविली जाते, त्या मनुष्याला निवेदक म्हणतात. आणि प्रस्तुत लेख त्याच्याविषयी आहे.

घोडबंदर रोडची ओळख ठाणेकरांना करून द्यावी असे नाही, परंतु बाहेरगावच्या वाचकासाठी दोन शब्द लिहितो. माजिवड्यापासून घोडबंदरच्या किल्ल्याकडे जाणारा हा वीसेक किलोमीटरचा रस्ता. एका अंगाला येऊरचा डोंगर व त्यामागे राष्ट्रीय उद्यानाचे अरण्य, दुसऱ्या अंगाला खाडी. १७३७ साली चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेत पोर्तुगीजांचा अंमल उठून हा मुलूख मराठ्यांकडे आला, ही इतिहासाची बाजू. आणि गेल्या तीन-चार दशकांत बाळकूम, कोलशेत, कावेसर, वडवली, ओवळे या आगरी-कोळी गावठाणांच्या भाताच्या खाचरांवर तीस-तीस मजल्यांची गृहसंकुले उभी राहिली, ही वर्तमानाची. त्या संकुलांतून कोल्हापूरपासून कानपूरपर्यंतची माणसे एकाच उद्वाहकातून वर जातात आणि एकमेकांची नावे न विचारता उतरतात. या माणसांना वर्षातून आठ-दहा दिवस एकत्र बसविण्याचे काम गणपती करतो, नवरात्र करते, आणि मकरसंक्रांतीनंतरची हळदीकुंकवे करतात. परंतु एकत्र बसलेल्यांनी एकमेकांकडे पाहावे एवढे शेवटचे काम मात्र माईक हाती धरलेल्या त्या एका परक्या माणसावर येऊन पडते.

या व्यवसायाची जगातील सर्वांत शिस्तबद्ध शाखा अमेरिकेत आहे, हे वाचून काहींना नवल वाटेल. बेसबॉल हा तेथील राष्ट्रीय खेळ. त्याच्या प्रथम श्रेणीखाली छोट्या शहरांतून खेळणाऱ्या संघांची एक दुय्यम श्रेणी असते. २०२१ साली तिची पुनर्रचना होऊन त्यांपैकी १२० संघ मोठ्या संघांशी अधिकृतपणे संलग्न राहिले. या दुय्यम संघांच्या चालकांची अडचण मोठी चमत्कारिक आहे. खेळाडू त्यांचे नसतात, ते वरच्या संघाच्या दप्तरी नोंदलेले असतात. एखादा तरुण गोलंदाज गावाच्या गळ्यातील ताईत व्हावा, तोच वरून बोलावणे येते आणि तो रातोरात निघून जातो. म्हणजे सामना जिंकण्याची हमी चालक देऊ शकत नाही, कोणता खेळाडू दिसेल याचीही देऊ शकत नाही. तिकीट विकावयाचे कशाच्या बळावर? उरते ती संध्याकाळ. नऊ डावांच्या सामन्यात दर अर्ध्या डावानंतर संघ जागा बदलतात, तेव्हा दोनेक मिनिटांचा अवकाश पडतो. असे सोळा-सतरा अवकाश हीच त्या चालकांची खरी मालमत्ता. त्या दोन मिनिटांत मैदानावर एक निवेदक धावत येतो, प्रेक्षकांतून दोघांना ओढून आणतो, बॅट जमिनीवर उभी करून तिच्या मुठीवर कपाळ टेकवून त्यांना दहा गिरक्या घ्यायला लावतो आणि मग धावा म्हणतो. ते वाकडेतिकडे धावतात, धडपडतात, प्रेक्षागृह खदखदते, स्थानिक दंतवैद्याचे किंवा मोटारविक्रेत्याचे नाव प्रायोजक म्हणून पुकारले जाते, आणि पंचाने हात वर करण्यापूर्वी मैदान मोकळे झालेले असते. कधी संघाचे सोंग घेतलेला माणूस एखाद्या लहान मुलाशी शर्यत लावतो आणि शिरस्त्याप्रमाणे हरतो.

दोन मिनिटे! घोडबंदर रोडवरचा निवेदक हे ऐकून हसेल, आणि ते हसणे अहंकाराचे नसेल. अमेरिकन निवेदकाची सारी कसोटी कालमर्यादा पाळण्यात आहे. आपल्याकडच्याला मर्यादाच ठाऊक नसते. पहिल्याला ठरलेल्या मापाचा कपडा शिवावयाचा असतो. दुसऱ्याला ग्राहक येण्यापूर्वी शिवणकाम सुरू करावे लागते. त्यामुळे त्याच्या पोतडीतील प्रत्येक खेळाला एकच परीक्षा द्यावी लागते: हा खेळ कोणत्याही क्षणी थांबविता येईल काय, आणि नाही थांबविला तर कितीही वेळ चालविता येईल काय?

संगीत खुर्ची या परीक्षेत अर्धवट उतरते. तिला खुर्च्यांच्या संख्येइतकेच आयुष्य असते. चमचा-लिंबू आरंभी शोभते, पुढे कंटाळवाणे होते. फुगे फुगवून फोडण्याच्या खेळाला सुरुवात आहे व शेवट आहे, मध्य नाही. परंतु तळ्यात-मळ्यात हा खेळ सर्वश्रेष्ठ होय. जमिनीवर खडूची एक रेघ, तिच्या अलीकडे तळे व पलीकडे मळा, आणि रेघेवर उभ्या राहिलेल्या वीस गृहिणी. निवेदकाने सावकाश पुकारा केला तर पंधरा मिनिटांतही कोणी बाद होत नाही, आणि ‘मळ्यात’ म्हणून लगेच पुन्हा ‘मळ्यात’ म्हटले तर एका फटक्यात निम्म्या बाद होतात. म्हणजे खेळाचा वेग खेळणाऱ्यांच्या हाती नसून पुकारणाऱ्याच्या जिभेवर असतो. अशीच महती ‘पर्समध्ये काय आहे’ या खेळाची. सेफ्टी पिन कोणाकडे आहे, विजेचे जुने बिल कोणाकडे आहे, नवऱ्याचे छायाचित्र कोणाकडे आहे, असे विचारीत गेले तर पर्सचा तळ लागेपर्यंत वेळ जातो. आणि शेवटच्या प्रश्नावर विशेष खसखस पिकते, हे निराळे सांगावयास नको.

आनंदनगरच्या बाजूच्या एका संकुलात व्यासपीठाच्या कडेला उभे राहून हा कारभार जवळून पाहण्याचा योग आला. निवेदकाच्या उजव्या हातात माईक, डाव्या हातात घडी घातलेला कागद, त्यावर प्रायोजकांची नावे: सराफ, बांधकाम व्यावसायिक, शिकवणीवर्ग, पतपेढी. साउंडवाल्याशी त्याचे सारे बोलणे डाव्या हाताच्या बोटांनी चाललेले असते; मूठ मिटली की गाणे बंद, तळवा खाली दाबला की आवाज कमी. प्रवेशद्वाराशी मंडळाचा एक कार्यकर्ता भ्रमणध्वनी कानाला लावून उभा, आणि त्याच्याकडून हाताच्या खुणेने वा चिठ्ठीने जी वार्ता येते ती एखाद्या लष्करी खलित्याप्रमाणे नाक्यानाक्याची असते. साहेब कापूरबावडीला आहेत, म्हणजे घाई नाही. नवा खेळ मांडावा, पंचवीसजणी बोलवाव्या. साहेब मानपाड्याला पोहोचले आहेत, म्हणजे पंचवीसच्या दहा कराव्या. पातलीपाडा म्हणजे पाचजणी. वाघबीळ म्हणजे दोघी उरल्या पाहिजेत, आणि फटाक्यांची माळ घेतलेली मुले दाराशी गेली पाहिजेत. त्या दिवशी मानपाड्याची वार्ता आली आणि नंतर बराच वेळ काहीच आले नाही. दहाजणी रेघेवर उभ्या होत्या. निवेदकाने त्यांना बाद करणे तहकूब केले आणि उखाण्यांकडे मोर्चा वळविला. तेव्हा एका मध्यमवयीन बाईंनी, हात जोडून नको नको म्हणत म्हणत, माईक हातात येताच खणखणीत आवाजात घेतले:

‘कापूरबावडीच्या नाक्यावर गाड्यांची रांग,
…रावांना विचारते, घरी येणार केव्हा ते सांग.’

हशा इतका मोठा झाला की प्रमुख पाहुण्यांविषयीची साऱ्या सभेची तक्रारही त्यातच वाहून गेली. निवेदक स्वतः काहीही बोलला नाही. तो गप्प राहिला, हेच मला त्याच्या कसबाचे प्रमाण वाटले.

एकीकडे काळाला असा आरंभी ताळतंत्र नाही, तर दुसरीकडे त्याला शेवटी कायद्याची भिंत आहे. ध्वनिप्रदूषणासंबंधीच्या २०००च्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ध्वनिक्षेपकास मनाई आहे. सणांसाठी वर्षातून फार तर पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंतची सवलत शासन देऊ शकते, आणि ते दिवस आधीच मुक्रर झालेले असतात. हळदीकुंकवाच्या कार्यक्रमाला अशी सवलत सहसा नसते. म्हणजे पाहुणे पावणेनऊला आले, सत्कार झाले, दोन भाषणे झाली, तर पैठणीच्या अंतिम फेरीसाठी दहा-पंधरा मिनिटे उरतात, आणि पोलीस ठाण्याच्या परवान्यावरील वेळेची आठवण खजिनदार डोळ्यांनीच करून देत असतात. दोन तास ताणलेली गोष्ट मग दहा मिनिटांत उरकावी लागते. ताणणे पुष्कळांना जमते, आखडणे थोड्यांनाच.

हे कसब आपल्याकडे नवे आहे असे समजण्याचे कारण नाही. तमाशातील बतावणी आणि वग यांना लिखित मजकुराचे बंधन नसे. बैठक तापली की सोंगाड्या प्रसंग लांबवी, थंडावली की आवरता घेई. वसंत सबनीसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ दादा कोंडक्यांनी शेकडो प्रयोगांतून ताजे ठेवले ते गावोगावच्या ताज्या घडामोडी जागच्या जागी त्यात ओवून. परंतु आजच्या निवेदकाचा प्रत्यक्ष पूर्वज सांगावयाचा तर दूरचित्रवाणीकडेच बोट दाखवावे लागते. २००४ साली, आज झी मराठी म्हणून परिचित असलेल्या वाहिनीवर आदेश बांदेकरांचा ‘होम मिनिस्टर’ सुरू झाला. एका घरात दोन गृहिणी, साधेसुधे खेळ, आणि जिंकणारीला पैठणी. बांदेकर सर्व महाराष्ट्राचे ‘भावोजी’ झाले, आणि त्या नात्याने निवेदकाच्या धंद्याचा एक बिकट प्रश्न कायमचा सोडविला. परस्त्रीशी चारचौघांत थट्टा करण्याचा अधिकार पुरुषाला कोणत्या आधारावर असावा? दिराच्या नात्याच्या आधारावर. आज घोडबंदर रोडवरील संकुलांतून ‘खेळ पैठणीचा’ हे नाव घेऊन जे कार्यक्रम होतात, त्या सर्वांत हे मानीव नाते गृहीत धरलेले असते. वहिनी म्हटले की दोन्ही पक्षांना मर्यादा आपोआप कळते.

आपोआप कळते असे लिहिले खरे, पण सर्वांनाच कळते असे नाही. सासू-सून, नवऱ्याची कंजुषी, बायकोचा स्वयंपाक या तीन विषयांवर आयुष्यभर उपजीविका करणारे निवेदक मुबलक आहेत, आणि त्यांचे विनोद ऐकताना प्रेक्षकांनी हसावे की निवेदकाला विश्रांती द्यावी असा प्रश्न पडतो. कोणाच्या अंगकाठीवर बोलणारेही पूर्वी असत. समोर शंभर भ्रमणध्वनी चित्रण करीत असल्याने हा प्रकार आता बराच ओसरला आहे, आणि ज्या सुधारणेसाठी समाजसुधारकांना पिढ्या लागल्या असत्या ती एका यंत्राने केली. उलट चांगला निवेदक ओळखावयाचा तो त्याच्या निवडीवरून. तो सर्वांत आधी हात वर करणारीला शक्यतो घेत नाही. तिला जिंकावयाचे असते. दुसऱ्या-तिसऱ्या रांगेतील, शेजारणींनी कोपराने ढोसलेली, पदर सावरीत नको म्हणणारी बाई तो हेरतो, कारण ती हरली तरी तिच्या शेजारणींना आनंद आणि जिंकली तरी आनंद. बाद झालेली बाई खुर्चीकडे परतताना माईकचे तोंड तिच्याकडे नसते. त्याच क्षणी तो नव्या खेळाडूचे नाव विचारू लागतो, आणि हरणारी कोणाच्या लक्षात न येता आपल्या जागी जाऊन बसते. डोळ्यांत तेल घालून पाहिल्याशिवाय ही युक्ती दिसत नाही.

गावठाणांच्या बाजूला याच कलेचा दुसरा अवतार नांदतो. ओवळे किंवा कोलशेत यांसारख्या गावांतून हिवाळ्यात टेनिस चेंडूच्या क्रिकेटचे सामने भरतात. तेथे निवेदकाला समालोचक म्हणतात आणि त्याच्या वाणीला आगरी वळणाचा ठसका असतो. दोन सामन्यांच्या मधला वेळच काय, दोन चेंडूंमधला वेळही तो रिकामा जाऊ देत नाही. सीमारेषेपाशी उभा असलेला एखादा हौशी ग्रामस्थ पुढच्या षटकाराला पाचशे रुपये लावतो. समालोचक लगेच त्याचे, त्याच्या वडिलांचे आणि त्याच्या धंद्याचे नाव घेऊन बक्षीस जाहीर करतो. मग दुसऱ्या पाड्यातील माणूस ईर्ष्येने गोलंदाजाच्या बाजूने बळीवर हजार लावतो. म्हणजे येथे प्रेक्षक मैदानात न उतरताच खेळात उतरलेला असतो, आणि समालोचक हा एकाच वेळी भाट, दवंडीवाला व खजिनदार असतो. ‘आपल्या मैदानावर आगमन झालेले आहे…’ या पदावरून ओळखू येणारी त्याची स्वागतपर वाक्ये धावत्या गोलंदाजालाही अडवीत नाहीत. चेंडू सुटतो, फटका बसतो, आणि नगरसेवकांचे आडनाव व चौकार एकाच श्वासात पुकारले जातात. हा गल्लीतला खेळ २०२४च्या मार्च महिन्यात ठाण्याच्या दादोजी कोंडदेव क्रीडागृहात, इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग या नावाने, सहा संघ आणि सिनेनटांची मालकी घेऊन प्रतिष्ठित झाला. दहा षटकांचा सामना, टेनिसचा चेंडू, आणि ठरावीक पल्ल्यापलीकडे चेंडू गेला तर सहाऐवजी नऊ धावा. तेथे प्रकाशझोत होते, थेट प्रक्षेपण होते. पाचशे रुपये लावणारा ग्रामस्थ मात्र तिकीट काढून आत बसला होता, आणि त्याचे नाव पुकारणारे तेथे कोणी नव्हते.

निवेदकाने जमाव हाती घेतला म्हणजे तो हातात राहीलच, याची शाश्वती कोठेही नाही. बेसबॉलच्या इतिहासात बिल व्हीक नावाचा एक अचाट मालक होऊन गेला. प्रेक्षकाला खेळात ओढण्याची कल्पना त्याच्याइतकी कोणी ताणली नसेल. २४ ऑगस्ट १९५१ रोजी सेंट लुईस ब्राउन्स या आपल्या तळाला गेलेल्या संघाचे नेतृत्व त्याने चक्क प्रेक्षकांकडे सोपविले. हजाराहून अधिक लोकांना ‘होय’ आणि ‘नाही’ असे फलक वाटले. गोलंदाज बदलावा काय, धावपटूने पुढे सरकावे काय, असे प्रश्न विचारले जात, फलक वर होत, बहुमताने निर्णय होई. आणि संघाचा अधिकृत व्यवस्थापक त्या वेळी पायांत सपाता घालून झुलत्या खुर्चीत चिलीम ओढीत बसला होता. ब्राउन्स ५-३ असे जिंकले! परंतु याच व्हीकच्या मालकीच्या शिकागोच्या संघाने १२ जुलै १९७९ रोजी दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत डिस्को संगीताच्या तबकड्या मैदानात स्फोटाने उडविण्याचा खेळ मांडला. तबकडी आणणाऱ्याला प्रवेश ९८ सेंटांत. स्फोट झाला, हजारो प्रेक्षक कुंपण ओलांडून मैदानात उतरले, हिरवळ उखडली गेली, पोलिसांचा बंदोबस्त मागवावा लागला, आणि दुसरा सामना न खेळताच प्रतिपक्षाला बहाल झाला.

ठाण्यातील दहीहंडीच्या निवेदकाला हे निराळे सांगावे लागत नाही. वर्तकनगरच्या हंडीत १० ऑगस्ट २०१२ रोजी जय जवान पथकाने नऊ थर रचून ४३.७९ फुटांचा जागतिक विक्रम नोंदविला, ती जागा घोडबंदर रोडच्या तोंडापासून दूर नाही. दोन पथकांच्या मध्ये तेथला निवेदक वाटेल तेवढी बडबड करतो, लावणीवर ठेका धरतो, मान्यवरांची यादी दोनदा वाचतो; परंतु सातवा थर उभा राहू लागला की जाणता निवेदक थर मोजण्यापलीकडे शब्द उच्चारीत नाही. त्या वेळी वर चढणाऱ्या मुलाला ऐकू यावयाचा आवाज त्याच्या पथकाच्या प्रशिक्षकाचा असला पाहिजे.

आता या साऱ्या व्यवहारात एक नवे वळण दिसते, आणि ते मला प्रमुख पाहुण्यांच्या उशिराहून अधिक कुतूहलाचे वाटते. काही संकुलांनी पाहुणे बोलावण्याचेच बंद केले आहे. पत्रिकेवर नाव नाही, सत्कार नाही, शाल-श्रीफळाची तरतूद अंदाजपत्रकातून काढून पैठण्या दोनाच्या चार झाल्या. जो वेळ दुसऱ्याची वाट पाहण्यासाठी भरावयाचा होता तोच मुख्य कार्यक्रम झाला; आणि गंमत अशी की, याने निवेदकाचे काम सोपे होण्याऐवजी अवघड झाले. पाहुण्यांच्या आगमनाने खेळ आपसूक संपत असे, अर्धवट राहिल्यास उरलेल्या सर्वांना बक्षीस देऊन मोकळे होता येई; आता खेळाला स्वतःचा शेवट हवा, निकाल हवा, आणि निकाल म्हटला की दुसऱ्या दिवशी संकुलाच्या व्हॉट्सअॅप समूहावर पंचगिरीविरुद्ध अपील दाखल होते. या रस्त्यावर बरीच वर्षे कार्यक्रम करणाऱ्या एका निवेदकाने मला बोलता बोलता सुचविले की, मानधन थोडे कमी दिले तरी चालेल, पण पाहुणे ठेवा.

अमेरिकेतही हेच वळण आले आहे. जॉर्जिया राज्यातील सॅव्हाना शहराचा बनानाज नावाचा संघ २०१६ पासून महाविद्यालयीन खेळाडूंच्या उन्हाळी स्पर्धेत खेळत असे. मधल्या वेळेतील गमतींसाठीच लोक इतके येऊ लागले की संघाने गमतींभोवती नवा खेळ रचला आणि २०२२च्या हंगामानंतर त्या खेळासाठी स्पर्धाच सोडली. त्याला दोन तासांची मुदत आहे, आणि त्याच्या नियमावलीत एक कलम असे की, फलंदाजाने सीमेबाहेर टोलविलेला फाउल चेंडू एखाद्या प्रेक्षकाने हवेत झेलला तर फलंदाज बाद. या कलमाचे तिकडे मोठे कौतुक झाले. कावेसरच्या एका संकुलातील मुलांना मी ते सांगितले तेव्हा त्यांना त्यात काहीही नवीन वाटले नाही. त्यांच्याकडे पहिल्या मजल्यापर्यंतच्या बाल्कनीत चेंडू गेला तर फलंदाज बाद. दुसऱ्या मजल्याच्या वर गेला तर बाद तर बादच, शिवाय चेंडू मागायला त्यानेच वर जायचे. आणि चौथ्या मजल्यावरच्या काकांनी तो झेलला तर त्या दिवसापुरता चेंडू काकांचा.